टाकळीची एक निवळ नळी

९ जानेवारी १९३९, मलकापूर

प्रोफेसरसाहेबांचं काम शेवटी माझ्या गळ्यात पडलंच. त्यांना म्हणे हे पाहायचंय, की रक्तात चरबी जास्त असणारी माणसं सगळ्या मुलखात सारखीच असतात, की कुठे जास्त आणि कुठे कमी. आमचा बुलढाणा जिल्हा त्यांना त्यासाठी फार पसंत पडला. अर्धा जिल्हा घाटावर, अर्धा घाटाखाली. वरचं पाणी गोडं, खालचं पूर्णाकाठचं खारं, आणि उत्तरेला सातपुडा. "भालचंद्र, तू तिथलाच, तूच कर," असं नागपुराहून पत्र आलं. मलकापुरात दवाखाना टाकून बसलो म्हणजे मी तिथलाच झालो!

रीत तशी सोपी आहे. रात्री जेवल्यावर माणसानं काही खायचं नाही. सकाळी दंडातून थोडं रक्त काढायचं आणि काचेच्या नळीत उभं ठेवायचं. रक्त गोठून खाली बसतं, वर पिवळसर निवळ येते. निवळ स्वच्छ तर चरबी कमी. दुधासारखी गढूळ तर जास्त. बारीक मोजमाप नागपुरात होईल, पण गढूळ-स्वच्छ डोळ्यांना तिथल्या तिथे दिसतं.

प्रेमला म्हणाली, "अहो, आजारी पडले तरी लोक दवाखान्यात येत नाहीत. धडधाकट माणसं तुम्हाला रक्त कशाला देतील?" माझी बायको शहाणपणाचं बोलायला लागली की समजावं, दिवस वाईट जाणार. पण म्हणणं खोटं नव्हतं.

१७ जानेवारी, सावरगाव

राजूरचा घाट चढून इथे आलो. थंडीनं बोटं वाकेनात. गावचे किसनराव मोठे कडक गृहस्थ. त्यांनी माणसांना चावडीत आणून बसवलं आणि रक्त निघेपर्यंत पाण्याशिवाय कुणाला काही दिलं नाही. मलासुद्धा नाही! माझ्या पोटात कावळे ओरडत होते आणि हे म्हणतात, "साहेब, कायदा म्हणजे कायदा."

सगळ्या नळ्या स्वच्छ. एकसुद्धा गढूळ नाही. किसनरावांची तर इतकी निवळ की पलीकडचं बोट दिसावं.

निघताना ते जरा नरमले. "माझी वच्छी तिकडं संग्रामपुराकडं टाकळीला दिलेली हाये. चौथी शिकलेली हाये पोरगी. तुम्ही तिकडं गेलात तं सांगा, बाप बरा हाये म्हणून. अन् ती कशी हाये ते बघून या." एवढं बोलून त्यांनी उगाच पागोटं सारखं केलं. मुलीला मूलबाळ नाही अजून, असं मागाहून कुणी तरी सांगितलं.

२६ जानेवारी, टाकळी

सातपुडा इथून अगदी दारात आल्यासारखा वाटतो. गाव म्हशींचं, सरकी-ढेप मुबलक, दूध असं घट्ट की चहात चमचा फिरत नाही. मी खूश आहे. गाव मात्र खूश नाही.

उत्तमराव पाटलांच्या ओसरीवर सभाच भरली. "रगत काऊन पायजे तुमाले?" "सरकार कुठं नेऊन राह्यलं आमचं रगत?" एक म्हातारा म्हणाला, युरोपात लढाई होणार म्हणतात, तिकडे पाठवणार असतील. मी घसा कोरडा होईस्तोवर समजावलं. चरबी, आहार, मुलूख. कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलेना.

शेवटी उत्तमराव उठले. माणूस उंच, शब्द थोडे. म्हणाले, "डाक्टर आपला पाव्हना हाये. रगत देऊ. पन मारोतीले बोलून देऊ." म्हणजे नवस. आणि गाव लगेच कबूल! मी तासभर बोललो ते वाया आणि मारुतीचं एक वाक्य पुरलं.

उत्तमरावांची सून तीच, किसनरावांची वच्छलाबाई. बापाचा निरोप सांगितला तर पदर पुढे ओढून "बरं" म्हणाली. मग हळूच विचारलं, "उद्याच्या रात्रीपासून काहीच खायचं नाही ना? म्हणजे काहीच नाही?" मी म्हटलं, "पाण्याशिवाय काही नाही." तिनं मान हलवली. तिची सासू झुंबरबाई आतून म्हणाली, "घाटावरची हाये, हिले दोनदा सांगा लागते."

२८ जानेवारी, टाकळी

शनिवार. मारुतीचा वार म्हणून आजचाच दिवस धरला होता. हात दुखतोय, पण आज लिहिलंच पाहिजे.

पहाटेच सारा गाव मारुतीच्या पारावर. रोडगे भाजून, कुस्करून, गूळ घालून मलिदा केलेला, आणि वर तूप असं ओतलेलं की परातीत पायली बुडावी. उत्तमरावांनी बोललेला नवस असा होता, की सुईला हात देणारानं आधी मारुतीचा प्रसाद घ्यायचा, म्हणजे सुई बाधत नाही. एकेक जण येई, ओंजळ भरून घेई, डोक्याला लावून तोंडात टाकी. मला दोनदा दिला. पाहुणा ना मी. काय मलिदा होता! बोटं अजून तुपाळ वाटताहेत.

पारावरच सासू-सुनेचं वाजलं. झुंबरबाई म्हणत होती, "घे वं! काऊन हात मांगं घेतं?" आणि वच्छलाबाई मान हलवत मागे सरत होती. लोक बघायला लागले. घरचं भांडण असणार, आपण कशाला मधे पडा, म्हणून मी पलीकडे जाऊन नळ्या पुसायला लागलो.

उन्हं चांगली वर आल्यावर रक्त घ्यायला सुरुवात केली. प्रत्येकाला विचारलं, "रात्रीपासून काही खाल्लं?" प्रत्येकाचं उत्तर एकच: "नाही जी, कोरडं तोंड हाये." टाकळीची माणसं भलती शिस्तीची निघाली. मी उगाच घाबरलो होतो.

बायकांमध्ये वच्छलाबाई शेवटी आली. सुई टोचली आणि ती काही तरी सांगायला लागली. "डाक्टरसाहेब, इथं सगळ्यांनी..." मी म्हटलं, "बाई, आत्ता बोलू नका, हात हलतो." पुढे गडबडीत मी विचारायचं विसरलो.

आणि दुपारी बघतो तर काय! नळ्या गढूळ. उत्तमराव गढूळ, झुंबरबाई गढूळ, त्यांचा मुलगा, वच्छलाबाईचा नवरा शेषराव गढूळ, सारा गाव गढूळ. काहींची निवळ तर ताकासारखी पांढरी. आणि त्या रांगेत एकच नळी सावरगावसारखी स्वच्छ: वच्छलाबाईची. बापाची तशीच लेकीची!

मला राहवलं नाही. ओसरीवर सगळ्यांना नळ्या दाखवल्या. म्हटलं, "हे बघा उत्तमराव, तुमची सून इतकी वर्षं तुमच्या घरचं खाते, तुमचं पाणी पिते, पण रक्त घाटावरचंच राहिलं!" मला वाटलं लोक हसतील. कुणी हसलं नाही. झुंबरबाईनं नळी हातात घेऊन उन्हात धरली. "पान्यावानी हाये," म्हणाली आणि सुनेकडे बघितलं.

तुलनेला म्हणून माझंही रक्त घेतलं होतं. गढूळ! चांगलंच गढूळ! अरे देवा, मी तर पस्तिशीचासुद्धा नाही.

३१ जानेवारी, मलकापूर

काही कळत नाही. घरी येऊन पुन्हा माझं रक्त घेतलं, सकाळी उठल्याउठल्या. स्वच्छ. तीन दिवसांत मी आजारी पडून बरा झालो की काय? की टाकळीच्या पाण्यात काही आहे? एक-दोन दिवस तिथलं पाणी पोटात गेलं तर एवढा फरक पडतो, तर मग वच्छलाबाई सहा वर्षं तेच पाणी पितेय, तिच्यात का नाही?

प्रेमलाला विचारलं. ती म्हणाली, "मला काय विचारता? तुम्ही डॉक्टर." हे उत्तर मला कधीच आवडत नाही.

७ फेब्रुवारी

नागपूरच्या पत्राचा मसुदा चौथ्यांदा फाडला. आधी लिहिलं, दोष पाण्याचा. मग लिहिलं, सरकी खाणाऱ्या म्हशींच्या दुधाचा. पण तेच दूध वच्छलाबाईही पिते. आता एकच उरतं: माणूस ज्या मातीत जन्मतो ती माती. घाटावर जन्मलेल्याचं रक्त घाटाखाली येऊनही बदलत नाही. विचार भारी आहे. प्रोफेसरसाहेब खूश होतील. पण मग मी? मी तर एका आठवड्यात दोन्हीकडचा झालो. माझी नळी पत्रात न घातलेलीच बरी. असं करणं बरोबर नाही हे मला ठाऊक आहे, पण तिचं करायचं काय हे ठाऊक नाही.

१६ फेब्रुवारी

आज शेषराव दवाखान्यात आला. कापूस घेऊन बाजाराला आला होता. कोपऱ्यात उभा राहिला, बसेना.

"काय रे, बरं नाही का?"

"मी बरा हावो." मग टोपी हातात फिरवत म्हणाला, "वच्छलेले मायेनं धाडून देलं."

"कुठे?"

"तिच्या बापाच्या घरी."

मला काही समजेना. म्हटलं, का?

"माय म्हनते, मारोतीचा परसाद हातात देला तं घेतला नाही, अन् त्याच दिवशी रगत येगळं निघालं. साऱ्या गावाचं एक, हिचं येगळं. म्हनून कूस उजवली नाही म्हनते. थे आपल्या घरची झालीच नाही." त्यानं टोपी डोक्यावर घातली. "होळी झाली का दुसरी पोरगी पाह्याले जाऊन राह्यले. मले कोनी इचारलंच नाही."

"अरे, पण रक्ताचा आणि मूल होण्याचा काही संबंध नाही!"

"मंग तुमी सांगतलं काऊन, येगळं हाये म्हनून?"

मी म्हटलं, मी मायेला समजावीन. तो म्हणाला, "तुमच्या सांगन्यानंच तं झालं, साहेब." रागानं नाही म्हणाला. म्हणूनच फार लागलं.

प्रसाद नाही घेतला म्हणून सुनेला घराबाहेर काढायचं! काय ही माणसं. दिवसभर जेवण गोड लागलं नाही. त्या दिवशीच्या नळ्या खऱ्या की खोट्या, आणि खऱ्या असल्या तर त्यात त्या बाईचा काय दोष, हेच डोक्यात फिरत राहिलं.

१८ फेब्रुवारी

आज माझी मलाच लाज वाटते आहे. घडलं तसं लिहितो.

माझ्या रक्ताचा एकदा सोक्षमोक्ष लावावा म्हणून काल रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळी रोग्यांची गर्दी झाली, त्यामुळे रक्त घ्यायला दहा वाजले. दुपारी पाहतो तर नळी पुन्हा गढूळ. प्रेमलाला हाक मारली, म्हटलं, "बघ, पुन्हा तेच! आणि पोटात कालपासून कण नाही."

ती म्हणाली, "कण नाही कसा? सकाळी शिरा कोणी खाल्ला?"

"कुठला शिरा?"

"अहो, शनिवार ना आज. मी मारुतीला जाऊन आले. तुमच्या हातावर ठेवला, आणखी मागून घेतलात."

"तो प्रसाद होता," मी म्हटलं.

आणि तिथेच खुर्चीत बसलो. प्रेमला घाबरली, पाणी घेऊन आली. मला टाकळीचा पार दिसत होता. परात दिसत होती. एकेक माणूस ओंजळभर तूप खाऊन येतोय आणि मला सांगतोय, कोरडं तोंड हाये. खोटं कुणीच बोललं नाही. मी तरी कुठे खोटं बोललो? प्रसाद म्हणजे काय खाणं असतं? आणि ती एकटी पोर हात मागे घेतेय. का घेतेय? कारण मी तिला सांगितलं होतं, पाण्याशिवाय काही नाही. अख्ख्या गावात माझं ऐकलं ते तिनं एकटीनं, आणि मी तिची नळी साऱ्यांना दाखवून म्हटलं, ही वेगळी आहे.

"आता काय करणार?" प्रेमलानं विचारलं.

"टाकळीला जातो."

"जा," ती म्हणाली. "आणि तिथे आधी त्यांचं ऐकून घ्या. तुम्हाला बोलायची फार घाई असते."

२१ फेब्रुवारी, टाकळी

आज वाटलं होतं, अर्ध्या तासात सगळं मिटेल. कप्पाळ माझं!

काल रात्रीपासून उत्तमरावांना आणि झुंबरबाईला खरोखरच काही न खाता ठेवलं, आणि सकाळी रक्त घेतलं. दोन्ही नळ्या स्वच्छ. ओसरीवर सगळ्यांदेखत त्या दाखवल्या. म्हटलं, "बघा. तुमचं रक्तही वच्छलाबाईसारखंच आहे. त्या दिवशी गढूळ दिसलं ते मलिद्यातल्या तुपामुळे. तिनं मलिदा घेतला नव्हता, म्हणून तिचं स्वच्छ. चूक माझी आहे, तिची नाही."

उत्तमराव नळीकडे बघत राहिले. पटलं असावं. पण झुंबरबाईचा चेहरा उजळला. "म्हंजे डाक्टरसाहेब, परसाद आमच्या रगतात दिसला!"

"तूप दिसलं हो, तूप."

"मारोतीचंच ना तूप?"

"हो, पण..."

"मंग झालं तं! आमच्या रगतात देव उतरला, अन् तिच्या उतरला नाही. मी काय येगळं म्हनू राह्यले?"

बायका माना डोलवायला लागल्या. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. जितकं समजावलं तितकं त्या बाईचं मत घट्ट होत गेलं. डोकं फिरायची वेळ आली. खरं सांगायला आलो आणि खऱ्यानंच घोटाळा वाढवला.

तेवढ्यात उत्तमराव म्हणाले, "तिनं परसाद घेतला अन् तिचंबी आपल्यावानी निघालं, तं?"

झुंबरबाई थबकली. म्हणाली, "तं मंग आपली."

मी ओरडणार होतो की बाई, याला काही अर्थ नाही! कुणाचंही निघेल! प्रेमलाचे शब्द आठवले आणि तोंड मिटलं. शेषराव खांबाला टेकून उभा होता, तो माझ्याकडेच बघत होता.

२४ फेब्रुवारी, सावरगाव

किसनरावांनी मला बसा म्हटलं नाही. मी आपणहून बसलो आणि सगळं सांगितलं, मलिदा, शिरा, नळ्या, झुंबरबाई. वच्छलाबाई दाराशी उभी राहून ऐकत होती. वाळली आहे.

माझं संपल्यावर तिनं विचारलं, "तुम्हाला हे कधी कळलं?"

"मागच्या शनिवारी."

"मी तं त्याच दिवशी सांगत होते. तुम्ही म्हणलात, बोलू नका, हात हलतो."

मला धरणी जागा देईल तर बरं असं झालं. म्हटलं, "बाई, चुकलो. पण नंतर तरी का नाही बोललात? सासूला सांगायचं, डॉक्टरांनी खाऊ नका म्हटलं होतं म्हणून नाही घेतलं."

"सांगितलं की. त्या म्हणल्या, डाक्टरनं तं दोनदा घेतला."

किसनराव उठून अंगणात गेले. मी टाकळीला ठरलेलं सांगितलं: प्रसाद घ्यायचा, आणि मग पुन्हा रक्त द्यायचं. म्हटलं, "हे बरोबर आहे असं मी म्हणत नाही. तुम्हाला जायचं नसेल तर तसं सांगा, मी परत जातो."

तिनं अंगणातल्या बापाकडे बघितलं. मग म्हणाली, "ते काय म्हणाले?"

"शेषराव? तो बैल जुंपून दमणी घेऊन घाटाखाली थांबलाय. वर यायची त्याला हिंमत होत नाही."

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काही तरी हललं. "थांबले तं थांबू द्या थोडं," ती म्हणाली आणि लुगडी बांधायला आत गेली.

४ मार्च, टाकळी

शनिवार. उद्या होळी.

पहाटे पारावर पुन्हा परात, पुन्हा तेवढंच तूप. वच्छलाबाईनं ओंजळ पुढे केली, झुंबरबाईनं आपल्या हातानं भरली, वर आणखी तूप सोडलं. सगळा गाव बघत होता. तिनं डोक्याला लावून सगळं खाल्लं, एक कण खाली पडू दिला नाही.

दुपारी नळी पाहिली. गढूळ, टाकळीतल्या कुणाहीइतकी गढूळ. ओसरीवर गलका झाला. झुंबरबाईनं सुनेची अलाबला घेतली, रडली, पोरीले मायच नाही, मी नाही बोलनार तं कोन बोलनार, असं काहीबाही म्हणाली. उत्तमराव म्हणाले, दुसऱ्या पोरीकडे नाही म्हणून निरोप धाडा. शेषराव हसत होता आणि डोळे पुसत होता. लोक माझ्याच पाठीवर थाप मारायला लागले. मला म्हणाले, डाक्टरसाहेबानं घर जोडलं.

प्रोफेसरसाहेबांना सकाळीच पत्र लिहून ठेवलं आहे. टाकळीच्या साऱ्या नळ्या रद्द समजा. घाटावरच्या आणि घाटाखालच्या माणसांच्या रक्तातल्या चरबीत फरक आहे की नाही, मला ठाऊक नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा पहिल्यापासून करीन, आणि "काही खाल्लं का" एवढंच विचारणार नाही. खरं सांगायचं तर कसं विचारायचं तेही अजून नीट सुचलेलं नाही.

एक लिहायचं राहिलं. सकाळी वच्छलाबाईच्या दंडाला सुई लावली तेव्हा आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "बोला वच्छलाबाई. काय सांगायचं असेल ते आज सांगा. हात हलला तर हलला."

तिनं माझ्याकडे बघितलं, मग नळीकडे. ती काही बोलली नाही. हात जरासुद्धा हलला नाही.